पाचव्या घरचा जोगवा

घोडी माझ्या मांडीवर आडवी पडली होती आणि मुलगा ओरडत नव्हता. घोडीचं मला काही वाटत नव्हतं. ती पाय झाडत होती, तिचं गरम अंग माझ्यावर थरथरत होतं, पण माझं सगळं लक्ष मुलगा ओरडत का नाही इकडे होतं. ओरडला असता तर जिवंत आहे हे तरी कळलं असतं. टांग्याचं चाक मोडून त्याच्या डाव्या पायावर बसलं होतं. उस्मानभाई टांगेवाला रस्त्याच्या पलीकडे पालथा पडला होता आणि त्याच्याकडे पाहूनच कळत होतं की आता हाका मारून उपयोग नाही. टांग्याची बत्ती तेवढी उडून बाभळीच्या बुंध्याशी पडली होती. काच तडकली होती, पण बत्ती जळत होती.

धडक देणारी मोटार थोडी पुढं जाऊन थांबली होती. तिच्यातून एक माणूस उतरला आणि दाराला धरून उभा राहिला, कारण न धरता त्याला उभं राहता येत नव्हतं. दारूचा वास माझ्यापर्यंत आला. तो म्हणाला, "बत्ती नाही तुमच्या टांग्याला, मरणारच तुम्ही!" हे तो म्हणत होता तेव्हा त्याचं तोंड मला त्या बत्तीच्याच उजेडात दिसत होतं. मोटारीत पुढच्या सीटवर एक बाई होती. तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता. मग तो परत आत बसला आणि मोटार निघून गेली. अशा वेळी आपोआप देवाचं नाव तोंडात आलं, असं लोक सांगतात. माझ्या तोंडात माती होती. मी देवीला हाक मारली नाही.

आणीबाणी उठल्यानंतरच्या दिवसांतली ही गोष्ट. देवळाली कॅम्पाच्या बाजारात माझ्या मुलाचं शिवणकामाचं दुकान होतं. लष्करातल्या लोकांचे गणवेश तो शिवायचा आणि काजं-बटणं मी करायची. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी दुकान बंद करून उस्मानभाईच्या टांग्यातून घरी यायचं, हा रोजचा क्रम. कुठे देवाला निघालो नव्हतो की देवाहून परतत नव्हतो. कॅम्पातून येणारा लष्कराचा एक ट्रक थांबला, जवानांनी घोडी उचलून बाजूला केली, चाक काढलं आणि आम्हाला सरकारी दवाखान्यात नेऊन टाकलं. माझं कमरेचं हाड दुखावलं होतं, ते बसलं. मुलाचा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

आता परडीबद्दल सांगते. आमच्या घरात वणीच्या देवीची परडी आहे. माझ्या सासूने ती माझ्या हातात दिली आणि तिला तिच्या सासूने. नवरात्रात मंगळवारी आणि शुक्रवारी कवड्यांची माळ घालायची, परडी घ्यायची आणि पाच घरी जोगवा मागायचा. कुणी पीठ घालतं, कुणी मीठ, कुणी मूठभर तांदूळ. घालणाऱ्या बाईला कुंकू लावायचं आणि परडीतलंच चिमूटभर पीठ उलट तिच्या पदरात टाकायचं. आमच्या घराची एक रीत अशी की ज्या घरचा जोगवा घेतला त्या घराचं पुढच्या घटस्थापनेपर्यंत वाईट चिंतायचं नाही, बरंच मागायचं, मग ते कसेही असोत. सासू हे फार कडक पाळायची. एका घरच्या बाईशी तिचं नळावर कायमचं भांडण होतं, पण त्या घरी जोगवा घेतला की वर्षभर सासू नळावर तोंड मिटून उभी राहायची आणि पुढच्या नवरात्रात मुद्दाम ते घर वगळायची.

दवाखान्यातून आल्यावर मी परडी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. देवीसमोर दिवा लावायची, पण तो सवयीने. इतकी वर्षं तुझ्यासाठी लोकांच्या दारात उभी राहिले आणि तू माझ्या पोराचा पाय घेतलास, असं मी तिला तोंडावर सांगितलं. आणि त्या मोटारवाल्याला मी रोज सकाळी चूल पेटवताना शिव्याशाप द्यायची. ती माझी खरी पूजा झाली होती.

दुकान बंद पडलं. शिवणाचं मशीन पायाने चालतं. माझा मुलगा एका पायाने पायडल मारून पाहायचा, मशीन चार टाके घ्यायचं आणि उलटं फिरून दोरा तोडायचं. ठेचलेली मोटार दुरुस्तीला टाकली तिथे ती पोलिसांना सापडली होती. कोर्टात भरपाई मागता येते असं आम्हाला दवाखान्यातल्या एका नर्सबाईने सांगितलं. तिच्या ओळखीचा वकील तरुण होता, पण नीट बोलायचा. त्याने समजावलं की पैसे मोटारवाला देत नसतो, त्याची विमा कंपनी देते, पण त्यासाठी चूक मोटारीची ठरायला हवी. कंपनीचं म्हणणं असं होतं की टांग्याला बत्ती नव्हती, दिवेलागण झाली होती, टांगा दिसलाच नाही, म्हणजे चूक टांग्याची. पोलीस पंचनामा करायला आले तोवर ती बत्ती तिथून कुणीतरी उचलून नेली होती. रस्त्यावर पडलेली धड वस्तू किती वेळ राहणार? ट्रकमधले जवान बदली होऊन गेले होते, साक्षीला मी एकटी होते. मुलगा त्या वेळी टांग्यात मागे तोंड करून बसला होता आणि त्याला काही आठवत नव्हतं.

उस्मानभाईची बायको हमीदाबी, तिचाही दावा त्याच वकिलाने लावला. म्हणजे बत्ती होती ठरलं तर दोघींना, नाहीतर दोघींनाही काही नाही.

मग आमच्या गल्लीतले एक पुढारी घरी आले. मोटारवाल्यावर पोलिसांचाही खटला होता, तुरुंगाची भीती होती, आणि त्याने यांना मध्ये घातलं होतं. चहा घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "काकू, एवढंच म्हणायचं की टांग्याला बत्ती नव्हती. दारूचं नावच काढायचं नाय. दारू निघाली तर कंपनी हात वर करील, मग तुमच्या हातात काय? साहेब बाहेरच्या बाहेर तुमचं सगळं भागवतील."

"आणि हमीदाबीचं?"

"ती आपली हाय का? अन् मेलेल्या माणसाला बत्ती होती काय, नव्हती काय, फरक काय पडतो?"

"रोज टांग्यात बसताना मी त्याला आपला का परका विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "कप ठेवा खाली, फुटेल."

वकिलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला की दारूचं भांडण कंपनीचं आणि त्या माणसाचं, ज्याला गाडीने उडवलं त्याला कंपनी तेवढ्यावरून पैसे नाकारू शकत नाही. पण माझ्या मुलाला हे पटलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो म्हणाला, "आई, घे ते देतायत ते. कोर्टाचं कधी होतंय? बत्ती होती, बत्ती होती करत बसशील, त्या बत्तीवर भाकरी भाजणार हायेस का?" त्याचं खोटं नव्हतं. रात्री मला झोप लागायची नाही. एका पारड्यात माझा एकुलता एक मुलगा आणि दुसऱ्या पारड्यात मेलेल्या माणसाची बत्ती. एखादीने मुलाचं पारडं जड मानलं असतं तर मी तिला नावं ठेवली नसती. मला मात्र ते वाक्य तोंडातून काढता येईना. मी ती बत्ती पाहिली होती.

असं चालू असताना नवरात्र आलं. परडी काढायची नाही असं मी ठरवलं होतं. पण दुसऱ्या की तिसऱ्या माळेला डबा उघडला तर पीठ नव्हतं, वाण्याकडे तोंड उरलं नव्हतं आणि दिवस मंगळवारचा होता. मी परडी खाली घेतली, झटकली आणि देवीला स्पष्ट सांगितलं, तुझ्यासाठी जात नाही, घरात पीठ नाही म्हणून जाते. देवीपुढे खोटं बोलून काय मिळणार?

आपल्या गल्लीत मागायची लाज वाटत होती. दरवर्षी मागायची तेव्हा तो जोगवा होता, आता सगळ्यांना माहीत होतं की ही भीक आहे. म्हणून मी बस धरून नाशकात आले आणि गंगापूर रोडकडे जिथे कुणी मला ओळखत नाही अशा बंगल्यांच्या बाजूला गेले. पहिल्या घरी कुत्रं भुंकलं पण म्हातारीने तांदूळ घातले. दुसऱ्या घरी मालकीण नव्हती, मोलकरीण होती, तिने स्वतःच्या फडक्यातलं मीठ दिलं. एका दारात बाई म्हणाली, "धडधाकट दिसता की, काम का नाही करत?" मी म्हटलं, "काम द्या, करते." तिने दार लावून घेतलं. ते घर मोजायचं नसतं. असं करत चार झाली.

पाचवं घर मोठं होतं. फाटकाशी कण्हेर होती. मी "जोगवा वाढा माय" म्हटलं आणि एक तिशीची बाई बाहेर आली. मला पाहून ती जागीच उभी राहिली. मला वाटलं, हीही हाकलणार. पण ती आत गेली आणि परातभर गव्हाचं पीठ घेऊन आली, वर गूळ. ओतताना ती माझ्याच तोंडाकडे बघत होती, निम्मं पीठ पायरीवर सांडलं. मी म्हटलं, "बाई, जोगवा मूठभर घ्यायचा असतो."

"घ्या ना. नाही म्हणू नका."

"घरात काही दुखणं आहे का?"

ती नाही म्हणाली, मग हो म्हणाली. मी तिला कुंकू लावलं. रीतीप्रमाणे तिच्या पदरात चिमूटभर पीठ टाकलं आणि सांगितलं की आता तुझ्या घराचं मी वर्षभर बरंच चिंतणार, आमच्याकडे तसा नेम आहे. तिने माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मला अवघडल्यासारखं झालं, कमरही दुखत होती. श्रीमंतांच्या बायकांनाही काही कमी दुःखं नसतात, असं मनात म्हणत मी बस धरली. त्या पिठाच्या भाकऱ्या नाही, पोळ्या केल्या. मुलगा पोटभर जेवला. त्या दिवसापासून नेम होता म्हणून मी सकाळी त्या पाचही घरांचं बरं मागायची आणि मग त्या मोटारवाल्याला शिव्या द्यायची.

कोर्टात आमची तारीख लागली ती उन्हाळ्यात. हमीदाबी आणि मी एका बाकावर बसलो होतो. ती मला म्हणाली, "आपा, तुम्हारे बेटे का देखो. मेरा तो गया सो गया. तुम्ही जे बोलणार ते बोला, मी नाराज नाही होणार." असं ती बोलली नसती तर बरं झालं असतं. समोरच्या बाकावर तो मोटारवाला बसला होता, स्वच्छ कपड्यांत, केस विंचरलेले. आणि त्याच्या शेजारी ती बसली होती. कण्हेरीच्या फाटकातली.

मला काय झालं ते सांगणं अवघड आहे. आधी राग आला, देवीचाच आला. नाशकात एवढी घरं आणि तू मला याच्याच दारात उभी केलीस? याचंच पीठ माझ्या पोराच्या पोटात घातलंस? मग लक्षात आलं की घटस्थापना अजून लांब आहे आणि या घराचं वाईट चिंतायला मला मनाई आहे. मी जे रोज सकाळी एका तोंडाने बरं मागत होते आणि दुसऱ्या तोंडाने शाप देत होते ते एकाच घराला. चुलीपुढच्या त्या शिव्यांवरच मी एवढे महिने उभी होते. त्या एकदम काढून घेतल्यासारख्या झाल्या. हातात काहीच राहिलं नाही. मी मनात देवीला म्हटलं, बाई, आता तुझं तू बघ. मला काही सुचत नाही.

माझं नाव पुकारलं. मी सांगितलं की बत्ती होती, खाली पडली तरी जळत होती आणि तिच्या उजेडात मी या माणसाचं तोंड पाहिलं, दारूचा वास घेतला. कंपनीचा वकील म्हणाला, "आजी, तुम्ही घोडीखाली होतात. वेदनेत माणसाला नसलेलं दिसतं."

"दुखत कमरेला होतं," मी म्हटलं. "डोळ्यांना नाही."

मागे कुणीतरी हसलं. पण आमच्या वकिलाच्या चेहऱ्यावरून मला कळलं की माझ्या एकटीच्या बोलण्याने हे उभं राहणार नाही. मी दावा लावलेली, माझ्या फायद्याचंच बोलणार. मग कंपनीने आपली साक्षीदार बोलावली. मोटारीत नवऱ्याशेजारी बसलेली त्याची बायको. तिने काय सांगायचं ते सगळं आधी ठरलेलं असणार, कारण कंपनीच्या वकिलाने विचारतानाच पुढच्या कागदाला हात घातला होता.

"टांग्याला दिवा होता का?"

ती माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली. तिच्याकडे बघून तिला धाक घालायचा नव्हता आणि आर्जवही करायचं नव्हतं. नेम म्हणजे नेम.

"होता," ती म्हणाली.

"नीट आठवून सांगा. अंधार पडत होता."

"म्हणून तर दिसला. मी ह्यांना म्हणाले, पुढे बत्ती दिसतेय, हळू घ्या. हे म्हणाले, तू गप बस. तशी मी आजवर गप बसले."

नवरा उठून उभा राहिला, त्याला खाली बसवलं. न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "यांनी त्या संध्याकाळी मद्य घेतलं होतं का?"

"रोजच घेतात," ती म्हणाली. "त्या दिवशी दुपारपासून घेतली होती."

कोर्ट उठल्यावर नवरा मोटार घेऊन निघून गेला. ती बाहेर पायरीवर एकटी बसली होती. हमीदाबी आणि मी तिच्याजवळ गेलो. हमीदाबीने तिला डब्यातलं पाणी दिलं. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दारात आलात तेव्हा मला वाटलं, मला ओळखून आलात. शाप द्यायला. आणि तुम्ही कुंकू लावलंत." मग पाणी पिऊन झाल्यावर तिचं माहेरचं बोलणं बाहेर पडलं, "मी खरं तेच सांगितलं ना माय? काय चुकीचं शे त्यात?"

"काही नाही," मी म्हटलं. "आता जाशील कुठे? माझ्याकडे चल. एक खोली आहे, पण आहे."

सटाण्याला तिचा भाऊ होता. आम्ही तिला स्टँडवर नेलं आणि सटाण्याच्या बसमध्ये बसवून दिलं. बस हलेपर्यंत हमीदाबी खिडकीचा गज धरून उभी होती. ज्याने आपला नवरा मारला त्याच्या बायकोला ती सांगत होती, "पहुँचके कुछ खा लेना, बेटा. रिकाम्या पोटी झोपू नको."

निकाल आमच्या बाजूने लागला. पैसे यायला आणखी दोन पावसाळे गेले, कंपनी वरच्या कोर्टात जाऊन आली. रक्कम मी कुणाला सांगत नाही. सांगितली की लोक म्हणतात, बरे मिळाले, आणि पाय विसरतात. मुलाने विजेवर चालणारं मशीन घेतलं आणि मुंबईला जाऊन पाय बसवून आला. हमीदाबीने दोन म्हशी घेतल्या. तिचं दूध पुढं कितीतरी वर्षं आमच्याकडे यायचं आणि तिने त्यात कधी पाणी घातलं नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगायची तेव्हा ती म्हणायची, "तुम्हाला कळलंच असतं ना."

याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. मुलगा योगायोग म्हणतो आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही. मी चौथी शिकलेली बाई. मला एवढंच सांगता येतं की त्या दिवशी मी भक्तीने गेले नव्हते, रागाने आणि पोटासाठी गेले होते, आणि तरीही मला रिकाम्या हाती पाठवलं नाही. पूर्वी मी देवीला शरण जाते म्हणायची, पण बरोबर माझी यादी घेऊन जायची. हे दे, त्याला शिक्षा कर, असं. कोर्टातल्या बाकावर ती यादी माझ्या हातून गळून पडली. मी टाकली नाही, ती गळाली. त्यात माझा काही मोठेपणा नाही. पण तेव्हापासून परडी कुणाच्या दारात धरते आहे याचा मी हिशेब करत नाही. जे दार येईल ते येईल. सासूसारखं घर वगळायचंही मी सोडून दिलं. देवीने माझं ऐकलं म्हणून नव्हे, माझं न ऐकता तिने तिचं केलं, म्हणून मी तिचे उपकार मानते.

ती बाई नवऱ्याकडे परत गेली नाही. सटाण्याला भावाच्या कांद्याच्या वखारीत हिशेब बघू लागली, मग स्वतःचं घर केलं. एकदा मुलाच्या दुकानात येऊन भावाच्या मुलांचे शाळेचे कपडे टाकून गेली. मुलाने शिलाई घेतली. मी म्हटलं नव्हतं, पण बरोबर केलं.

उस्मानभाई त्या रस्त्यावरच गेला. घोडी सकाळपर्यंत तगली, मग गेली. माझा मुलगा जगला. मी जगले. मोटारीतली ती बाई, तीही जगली.